गिरणीच्या आवारातील नऊ वर्षे

नाइट क्लब म्हटले की आपल्या घरांत कपाळाला आठ्या पडतात. तरीही मुंबईच्या ‘ब्लू फ्रॉग’चे मूल्यमापन आम्ही येथे करू इच्छितो, कारण संगीताला आसरा कोणी द्यावा, हा प्रश्न नांदेड-लातूरच्या कुटुंबांचाही आहे.

लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ च्या अखेरीस हा क्लब सुरू झाला. संस्थापकांपैकी आशू फाटक व ध्रुव घाणेकर हे स्वतः संगीतकार. क्लबच्या जोडीला ध्वनिमुद्रणाचे स्टुडिओ होते. बैठकीचे गोलाकार कप्पे वेगवेगळ्या उंचीवर रचलेले; त्यामुळे मागे बसलेल्यासही रंगमंच दिसे. कलावंतांच्या स्वतंत्र रचनांना येथे मानाचे स्थान मिळाले.

या गुणाचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत स्वरलिपी व व्हायोलिन शिकून अनेक ख्रिस्ती वादक मुंबईस आले. त्यांनी हॉटेलांत जॅझ गाजवला आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद समृद्ध केले. चिक चॉकलेट तर आपल्या वाद्यवृंदासह ‘अलबेला’ (१९५१) मध्ये पडद्यावरही झळकले. सेबॅस्टियन डिसोझा व अँथनी गोन्साल्विस यांनी संगीत संयोजनात मोलाची भर घातली. परंतु हॉटेलात वादक वाजवीत तेव्हा पाहुणे जेवत वा नाचत, आणि चित्रपटात संयोजकाचे नाव बहुधा झाकलेलेच राही. ‘ब्लू फ्रॉग’ने वादकास समोर आणले, हे त्याचे श्रेय.

उणीव मात्र त्याच्या पायातच होती. अशा क्लबचा संसार खाण्यापिण्याच्या बिलावर चालतो. श्रोता हळूहळू गिऱ्हाईक बनतो आणि वाढत्या भाड्यापुढे सुरांचे काही चालत नाही. २०१६ साली लोअर परळचा हा रंगमंच बंद झाला.

याच गिरणगावाने एकेकाळी बार्शीच्या शाहीर अमर शेखांचा आवाज ऐकला होता. ते स्वतः गिरणीत राबलेले; गाणारा आणि ऐकणारे एकाच कष्टाचे वाटेकरी होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, तसा तो श्रोतृवर्गही पांगला.

आमच्या मते संगीताचे घर भिंतींपेक्षा श्रोत्यांच्या आपलेपणावर उभे राहते. आपल्या धर्मग्रामांतील गायकवृंदांत हार्मोनियम, तबला, गिटार वाजविणारी तरुण मुले आहेत. सभागृहाची एक संध्याकाळ दरमहा त्यांच्या नव्या रचनांसाठी राखावी, शांतपणे ऐकावे, आणि वर्गणी काढून त्यांना मानधनही द्यावे. मुंबईच्या क्लबला जे नऊ वर्षांपलीकडे पेलले नाही, ते आपणांस पेलता येईल.