नाव, अर्थ आणि शुल्क : सीमाशुल्क वर्गीकरणातील ‘लोकव्यवहार’ कसोटीची चिकित्सा

प्रस्तावना

आयात मालाचे नाव ही वरवर पाहता किरकोळ बाब वाटते. सीमाशुल्काच्या क्षेत्रात मात्र त्या नावावरच शुल्काचा दर ठरतो. त्यामुळे भाषाशास्त्र आणि तर्कशास्त्र यांचे म्हणून ओळखले जाणारे प्रश्न येथे अर्थशास्त्राचे व कायद्याचे होतात. कोणती वस्तू कोणत्या शीर्षाखाली घालावी, हे ठरवताना न्यायालयांनी ‘लोकव्यवहार’ या कसोटीचा वारंवार आधार घेतला आहे. या कसोटीचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वर्गीकरणाची चौकट

जागतिक सीमाशुल्क संघटनेची ‘हार्मोनाइज्ड सिस्टीम’ १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली. तिचे पहिले सहा अंक सर्व सदस्य देशांना समान असतात. भारतात सीमाशुल्क टॅरिफ अधिनियम, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत आठ अंकी वर्गीकरण आहे. अर्थनिर्णयनाचे एकूण सहा सर्वसाधारण नियम आहेत. पहिल्या नियमानुसार शीर्षांचे शब्द व विभाग-प्रकरणांच्या टिपा निर्णायक असतात. तिसरा नियम एकाहून अधिक शीर्षे लागू पडतात तेव्हासाठी आहे. अधिक विशिष्ट वर्णनास प्राधान्य, त्यानंतर मालाचे मूलभूत स्वरूप आणि तेही निर्णय देत नसेल तर अंकक्रमाने शेवटचे शीर्ष, असा त्याचा क्रम आहे. ही रचना तर्कशुद्ध आहे, यात शंका नाही. प्रश्न उद्भवतो तो शब्दाच्या अर्थाचा.

निवाड्यांचा विचार

या संदर्भात १८९३ मधील ‘निक्स विरुद्ध हेडन’ हा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा सर्वश्रुत आहे. भाज्यांवर १० टक्के शुल्क होते, म्हणून टोमॅटो हे फळ आहे असे आयातदाराचे म्हणणे होते. वनस्पतिशास्त्र त्याच्या बाजूने होते. न्यायालयाने मात्र जेवणातील वापर पाहून टोमॅटोला भाजी ठरवले. ‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’ या आपल्याकडील वचनाचेच हे प्रत्यंतर होय.

भारतात ‘डनलॉप इंडिया’ प्रकरणात (१९७५) सर्वोच्च न्यायालयाने टायर-उद्योगात लागणारे व्हीपी लॅटेक्स कच्चे रबर ठरवले. व्यापारात वस्तू कशी ओळखली जाते याला महत्त्व दिले गेले. नामनिर्दिष्ट शीर्षावर रास्त दावा असलेल्या वस्तूला अवशिष्ट शीर्षाच्या अनाथाश्रमात ढकलू नये, हे तत्त्वही तेथेच मांडले गेले.

याउलट २००३ मधील अमेरिकेतील ‘टॉय बिझ’ प्रकरणात लोकव्यवहारापेक्षा टॅरिफचे शब्द प्रभावी ठरले. बाहुल्यांवर १२ टक्के, तर इतर खेळण्यांवर ६.८ टक्के शुल्क होते. आणि बाहुली म्हणजे केवळ मानवाची प्रतिकृती. साहजिकच ‘एक्स-मेन’ ही पात्रे माणसे नाहीत, असा युक्तिवाद आयातदार कंपनीने केला आणि तो मान्य झाला.

कसोटीच्या मर्यादा

या कसोटीतील पहिली अडचण अशी की ती लोकव्यवहार एकच आहे असे गृहीत धरते. टोमॅटोच्या निवाड्यात जेवणाऱ्याचा व्यवहार पाहिला गेला, तर लॅटेक्सच्या निवाड्यात व्यापाऱ्याचा. लहान बाटलीतील शुद्ध खोबरेल तेलाच्या वादात ही अडचण ठळकपणे दिसते. केरळात ते स्वयंपाकाचे तेल आहे, महाराष्ट्राच्या पठारावर प्रामुख्याने केसांचे. हा वाद उत्पादनशुल्काचा असला तरी वर्गीकरणाची चौकट तीच होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी त्रिसदस्य पीठाने, केवळ बाटली लहान आहे म्हणून खाद्यतेल केशतेल ठरत नाही, असा निर्णय दिला. तज्ज्ञ न्यायमूर्तींचे जेथे एकमत होत नाही, तेथे सामान्य आयातदाराने अचूक निवड करावी ही अपेक्षा कितपत रास्त आहे?

दुसरी अडचण जबाबदारीची आहे. २०११ पासून स्वयंनिर्धारणाची पद्धत असल्याने बिल ऑफ एंट्रीत शीर्ष आयातदारालाच नोंदवावे लागते. कमी भरलेल्या शुल्काची मागणी एरवी दोन वर्षांच्या आत करता येते. हेतुपुरस्सर चुकीचे कथन वा माहिती दडवणे सिद्ध झाल्यास ही मुदत पाच वर्षे होते. अर्थाविषयीचा प्रामाणिक मतभेद आणि लबाडी यांतील सीमारेषा येथे पुसट होण्याचा धोका आहे. दिल्ली व मुंबई येथे २०२१ पासून कार्यरत असलेली आगाऊ निर्णय प्राधिकरणे हा उपयुक्त उपाय आहे. परंतु त्यांचा निर्णय अर्जदारापुरताच बंधनकारक असतो.

निष्कर्ष

वरील प्रकरणांत एक समान सूत्र आढळते. वाद शब्दामुळे दिसतो, पण तो दरांतील तफावतीमुळे पेटतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा करात केशतेलाचा दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. खाद्य खोबरेल तेलाचा दर आधीच ५ टक्के होता. परिणामी त्या करापुरता हा वाद पुढील काळासाठी निरर्थक ठरला.

अर्थात सर्व दर समान करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. देशी उत्पादनाचे संरक्षण हा शुल्काचा एक रास्त हेतू आहे. तथापि, जेथे तफावत हेतुपूर्वक ठेवली आहे तेथे प्रकरणांच्या टिपा निःसंदिग्ध असाव्यात. जेथे तिला हेतू उरलेला नाही तेथे ती दूर करावी. आणि दोन्ही अर्थ संभवत असतील तेथे आयातदारावर लबाडीचा आरोप ठेवू नये. लोकव्यवहार ही कसोटी टिकायची असेल, तर ‘कोणत्या लोकांचा व्यवहार?’ हा प्रश्न निर्णयापूर्वी विचारला गेला पाहिजे.