पूतनेची गती : नरक, कृपा आणि दोन भक्तिपरंपरा

बंगळूरच्या उत्तरेस देवनहळ्ळीच्या किल्ल्यात वेणुगोपालस्वामींचे जुने देवालय आहे. टिपू सुलतानाचे जन्मगाव म्हणून आणि २००८ पासून विमानतळाचे गाव म्हणून हे ठिकाण सर्वांना ठाऊक झाले आहे. देवालयाच्या भिंतींवरील शिल्पांकडे मात्र फारसे कोणी थांबून पाहत नाही. या भिंतींवर रामकथेतील प्रसंग आणि बाळकृष्णाच्या लीला एकाच दगडी पानावर मांडाव्यात तशा मांडल्या आहेत. रामाच्या हातून झालेला पहिला वध ताटकेचा आणि कृष्णाच्या हातून झालेला पहिला वध पूतनेचा. दोन्ही अवतारांचा पराक्रम स्त्रीवधापासून सुरू होतो, ही गोष्ट दोन्ही कथा शेजारी आल्या की सहज नजरेत भरते. मध्वाचार्यांच्या दृष्टीने तर त्या दोन स्त्रिया नव्हेतच. ताटका हीच पुढे पूतना झाली. या एका विधानाच्या पोटात स्वर्ग, नरक आणि ईश्वराची दया यांसंबंधीचा संपूर्ण वाद दडलेला आहे, आणि मराठी व कन्नड भक्तिसाहित्याच्या तौलनिक अभ्यासात त्याची जितकी दखल घ्यावयास हवी होती तितकी घेतली गेलेली नाही.

मूळ कथा भागवताच्या दशम स्कंधाची. गावोगाव तान्ह्या मुलांना मारीत फिरणारी पूतना सुंदर स्त्रीच्या रूपाने गोकुळात येते, विष लावलेला स्तन कृष्णाच्या मुखात देते आणि कृष्ण दुधाबरोबर तिचे प्राणही शोषून घेतो. येथपर्यंत ही दुष्टनिर्दालनाची सरळ कथा आहे. परंतु भागवतकार तेथे थांबत नाहीत. गोकुळवासी तिचे प्रचंड कलेवर जाळतात तेव्हा त्यातून अगरूचा सुगंध येतो, आणि मारण्याच्या हेतूने का होईना, तिने स्तन दिला म्हणून तिला मातेची गती मिळाली असे सांगितले जाते. तृतीय स्कंधात उद्धव याच प्रसंगाची आठवण काढून विचारतो की, इतका दयाळू दुसरा कोण आहे ज्याला आम्ही शरण जावे. ईश्वराच्या दयेचा पुरावा म्हणून भागवताने एका बालघातिनीची निवड करावी, यात हेतुपुरस्सर धाडस आहे. पुण्यवंताला स्वर्ग देणे हा न्याय झाला. दया सिद्ध व्हावयाची तर ती जेथे कोणताही हक्क उरलेला नाही तेथेच व्हावयास हवी.

मध्वाचार्यांना (तेरावे शतक) हे धाडस मान्य नाही. ‘महाभारततात्पर्यनिर्णय’ या ग्रंथात त्यांनी पूतनेच्या एका देहात दोन जीव असल्याचे प्रतिपादन केले आहे. एक जीव ताटकेचा, स्वभावतःच दुष्ट. दुसरा उर्वशीचा, तुंबुरूच्या संगतीमुळे कुबेराचा शाप होऊन ती त्या राक्षसदेहात शिरलेली. कृष्णाने स्तनपान केले तेव्हा पवित्र होऊन स्वर्गास गेली ती उर्वशी; कृष्णाचा द्वेष करणारी ताटका नरकात गेली. भागवतातील मातेची गती सांगणाऱ्या वचनात ‘स्वर्ग’ हा शब्द आलेला आहे. अप्सरा शापमुक्त होऊन स्वर्लोकी परतली, असा त्या शब्दाचा शब्दशः अर्थ लावण्याची सोय या योजनेत आपोआप होते. शिशुपालाच्या संदर्भातही हीच युक्ती आढळते. विष्णूत विलीन झाला तो शापित द्वारपाल जय. त्याच देहातील असुर जीव अंधतमसात गेला.

ही केवळ टीकाकाराची कसरत म्हणून बाजूस सारणे सोपे आहे, आणि मराठीत बहुधा तसेच झाले आहे. वारकरी परंपरा करुणामय आणि द्वैतमत कठोर, अशी विभागणी आपल्याकडे इतकी रूढ आहे की तिची तपासणी करण्याची गरजच कोणास वाटत नाही. परंतु मध्वाचार्यांची अडचण खरी आहे. ब्रह्मसूत्रांनी दुसऱ्या अध्यायात ईश्वरावरील दोन आरोपांचा विचार केला आहे : वैषम्य, म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य, म्हणजे निर्दयता. जीव ज्याच्या त्याच्या कर्मानुसार फळ भोगतात, म्हणून दोन्ही दोष ईश्वराकडे येत नाहीत, हे सूत्रकारांचे उत्तर सर्व आचार्यांनी स्वीकारले. मध्वाचार्य आणखी एक पाऊल मागे जातात. कर्म तरी असेच का घडले? तर जीवाचा अनादि स्वभावच तसा. मुक्तियोग्य, नित्यसंसारी आणि तमोयोग्य असे जीवांचे तीन वर्ग त्यांनी मानले आणि तिसऱ्या वर्गाला पुन्हा वर येणे नाही असे सांगितले. अशा मांडणीत ईश्वर क्रूर ठरत नाही, कारण तो कोणाचाही स्वभाव घडवीत नाही. पण मग दयेला करण्यासारखे काय उरते, हा प्रश्न राहतोच. जो तरण्यास योग्य आहे त्यालाच ती तारते.

नित्य नरकाची ही कल्पना इतकी वेगळी वाटली की, उडुपीच्या परिसरातील ख्रिस्ती वस्तीचा तो प्रभाव असावा असा तर्क ग्रिअर्सन यांनी केला. त्यास कोणताही ठोस आधार मिळालेला नाही. तुळुनाडूतच दीर्घकाळ नांदलेल्या जैन विचारातील ‘अभव्य’ जीवाची, म्हणजे कधीही मोक्ष न मिळणाऱ्या जीवाची, कल्पना अधिक जवळची आहे. अभव्य जीवाला कायमचा नरक नसतो हे खरे, परंतु योग्यता उपजतच ठरलेली असणे हा मुद्दा दोन्हीकडे समान आहे. उलट ख्रिस्ती बाजूने पाहिले असता एक मौज दिसते. थॉमस स्टीफन्स यांनी ‘क्रिस्तपुराण’ (१६१६, रायतूर) मराठीत रचताना स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजला. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत नरकाला आजही ‘येमकोंड’ म्हणतात. भागवताने पाचव्या स्कंधाच्या शेवटी अठ्ठावीस नरकांचे वर्णन केले आहे, पण भोग संपला की तेथून जीव परत येतो. वैकुंठाच्या दारातून जय-विजय खाली पडले होते, हेही मराठी श्रोत्याला ठाऊक होते. स्टीफन्स यांना अभिप्रेत असलेला अर्थ, एकदा गेल्यावर परत न येण्याचा, या शब्दांत नव्हता. तो त्यांत भरावा लागला. त्या अर्थाचा तयार शब्द, अंधतमस, शेजारच्या कर्नाटकातील द्वैत ग्रंथांत होता. नरक आणि ‘हेल’ यांना समानार्थी धरून चालणाऱ्या तौलनिक अभ्यासकाने एवढी एक गोष्ट तरी लक्षात ठेवावी.

आता ज्ञानेश्वरीकडे वळू. गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंत म्हणतात की, द्वेष करणाऱ्या अधमांना मी आसुरी योनींत टाकतो आणि मला न पावता ते आणखी अधोगतीस जातात. मध्वमताचा हा मोठा आधार. ज्ञानेश्वर करुणेचे कवी, तेव्हा ते येथे अर्थ सौम्य करतील अशी आपली अपेक्षा असते. घडते ते उलटेच. वाघ-विंचवांच्या तामस योनींचा आधारही या जीवांकडून काढून घेतला जातो आणि ते निव्वळ तम होऊन राहतात, असे ज्ञानेश्वर सांगतात. मग त्या अवस्थेचे वर्णन येते : पापालाही जिची किळस यावी, नरकालाही जिची धास्ती वाटावी, मळ जिच्यामुळे मळावा आणि ताप जिच्यामुळे पोळावा. मध्वाचार्यांच्या अंधतमसाहून हे यत्किंचितही कमी नाही. फरक पुढच्या क्षणी पडतो. हे सांगताना वाणीला रडू येते, आठवताना मन मागे सरते, असे तो सांगणारा म्हणतो आणि या मूर्खांनी स्वतःसाठी केवढा नरक जोडला म्हणून हळहळतो.

हे रडणे कोणाचे? ओवीच्या प्रवाहात बोलणारे श्रीकृष्ण आहेत. म्हणजे जो ‘मी टाकतो’ म्हणतो, तोच टाकताना रडतो. सिद्धांत बदललेला नाही. सांगणाऱ्याची सांगितलेल्या गोष्टीशी असलेली वृत्ती बदललेली आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाला सिद्धांताइकेच हेही प्रमाण मानले पाहिजे. दांतेच्या नरकाच्या दारावर तो नरक आदिप्रेमानेच निर्माण केल्याचे कोरलेले आहे. तेथे प्रेम आणि नरक यांचा मेळ दगडावर लिहून टाकला जातो, आणि आत गेल्यावर यात्रिकाने फार दया दाखविली तर मार्गदर्शक त्याला दटावतो. ज्ञानेश्वरीत दटावणारा कोणी नाही. रडणाऱ्या वाणीतूनच पुढे काम, क्रोध आणि लोभ या तीन द्वारांपासून दूर राहण्याचा उपदेश निघतो.

सोळाव्या अध्यायातील ही हळहळ तेथेच संपली असती तर तिला भावनेचा उमाळा म्हणता आले असते. परंतु अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, पसायदानात, तिला उत्तर आहे. तेथे विश्वात्मक देवाकडे पहिले मागणे संतांसाठी नाही, खळांसाठी आहे. आणि तेही त्यांच्या नाशाचे किंवा क्षमेचे नसून त्यांचा वाकडेपणा जावा, सत्कर्मी त्यांची प्रीती वाढावी असे आहे. पसायदानाची पारायणे इतकी झाली आहेत की या मागण्याची धार आता कानाला जाणवत नाही. ते सोळाव्या अध्यायाशेजारी ठेवून वाचले की जाणवते. मध्वाचार्य पूतनेचे दोन भाग करतात; ज्ञानेश्वरही खळाचे दोन भाग करतात, माणूस आणि त्याचा वाकडेपणा. पहिल्या विभागणीत दुष्टता हाच एक जीव असतो, म्हणून त्याला कोठेतरी पाठवावे लागते. दुसऱ्या विभागणीत दुष्टता निघून गेल्यावर अंधारात पाठविण्यास कोणी शिल्लकच उरत नाही. इब्न अरबी (मृत्यू १२४०) यांनी नरकवासीयांची यातनाच अखेर दयेमुळे गोड होते असे म्हटले. तेथे नरक राहतो आणि त्याची चव बदलते. ज्ञानेश्वरांच्या मागण्यात नरकाची चव बदलत नाही, जाणारा बदलतो.

दोन परंपरांमधील अंतर मात्र आपण समजतो तसे भौगोलिक नाही. मध्वग्रंथांचे श्रेष्ठ टीकाकार जयतीर्थ हे परंपरेनुसार मंगळवेढ्याचे, म्हणजे पंढरपूरच्या शेजारचे. कन्नड हरिदासांच्या नाममुद्रेत विठ्ठल आहे. पुरंदरदास मध्वमताचे अनुयायी, पण नामाचे सामर्थ्य गाताना अजामिळाचा दाखला ते वारकरी कीर्तनकाराच्याच निःशंकपणे देतात. तर जगन्नाथदासांच्या ‘हरिकथामृतसारा’त जीवांची त्रिविध विभागणी पद्यबद्ध होऊन येते. एकाच परंपरेत गाणे एकीकडे झुकते आणि शास्त्र दुसरीकडे. सोलापूर-बेळगाव पट्ट्यातील द्विभाषिक माध्व घरांत ही दोन्ही वाङ्मये एकाच देवघरात वाचली गेली. त्या घरांतील वाचनाची नोंद कोणी केली तर या विषयावर ग्रंथांपेक्षा अधिक प्रकाश पडेल असे वाटते.

एक गोष्ट मात्र मध्वाचार्यांच्या बाजूने मान्य करावीच लागते. पूतनेच्या उद्धाराची कथा सांगताना भागवत आणि त्यामागून मराठी आख्यानकार तिने आधी मारलेल्या मुलांकडे परत वळत नाहीत. ती मुले कथेच्या पहिल्या वाक्यात येतात आणि नाहीशी होतात. त्यांच्या मातांना मारेकरणीच्या चितेचा सुगंध कसा वाटला असता, हा प्रश्न भागवताच्या दयेत बसत नाही. ताटकेला अंधारात धाडणाऱ्या सिद्धांतात, कठोरपणे का होईना, त्या मुलांचा हिशेब ठेवलेला आहे. ज्ञानेश्वरांच्या पसायदानात खळ सुधारतो, भूतांमध्ये मैत्री होते; पण जी भुते त्यापूर्वीच मारली गेली, त्यांच्याविषयी त्या मागण्यात शब्द नाही.