सेझोंच्या पेल्यात शेत किती?

‘सेझों’ या फ्रेंच शब्दाचा साधा अर्थ हंगाम. बेल्जियमच्या दक्षिणेला, फ्रेंच बोलणाऱ्या वालोनियात आणि त्यातही फ्रान्सच्या सीमेला लागून असलेल्या एनो प्रांतात या नावाची एक बिअर होते. बाटलीच्या लेबलापासून जाडजूड पुस्तकांपर्यंत तिची एकच कथा सांगितली जाते. थंडीत शेतावरची कामं थांबली की शेतकरी घरच्या धान्याची बिअर करून ठेवत आणि उन्हाळ्यात कापणीला येणाऱ्या हंगामी मजुरांना, म्हणजे ‘सेझोनिएं’ना, ती तहान भागवायला देत. म्हणून ती हंगामाची बिअर, शेताची बिअर.

मराठी माणसाला ही कथा चटकन भिडते. हंगामी मजूर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बैलगाड्या, पाचटाच्या कोप्या आणि कोयते उभे राहतात. त्या मुलखातही साखरेचा संबंध आहेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्लँडर्समधले हजारो मजूर दरवर्षी गव्हाच्या कापणीला आणि साखरेच्या बीटाच्या कामाला उत्तर फ्रान्समध्ये जात. त्यांना ‘फ्रान्समन’ असंच नाव पडलं होतं. दहाएक वर्षं मी सेझों पीत आलो ती ही कथा तोंडी लावायला घेऊन. प्रत्येक पेल्यात मला गवताची गंजी दिसत असे. हा लेख त्या गंजीची झडती आहे.

आधी कागदाकडे पाहू. ‘हंगाम’ म्हणजे कोणाचा हंगाम? कापणीचा की बिअर करण्याचा? यंत्राने गारवा आणता येत नव्हता त्या काळात उन्हाळ्यात केलेली बिअर हमखास बिघडे. त्यामुळे टिकाऊ बिअर थंडीच्या महिन्यांतच करत. हा बिअर करण्याचा हंगाम सगळ्याच कारखान्यांचा होता, शहरातल्यांचाही. जॉर्ज लाकाँब्र यांनी १८५१ साली बेल्जियमच्या बिअरनिर्मितीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात सेझों भेटते ती लिएजची, म्हणजे चांगल्या मोठ्या शहराची. स्पेल्ट या जुन्या गव्हाचं माल्ट घालून केलेली आणि महिनोन्महिने मुरवलेली. डच बिअर-इतिहासकार रूल मुल्डर यांनी अलीकडे जुने कागद चाळून हाच मुद्दा रेटला आहे, की ‘मजुरांसाठी शेतावर केलेली सेझों’ ही गोष्ट जुन्या साधनांत शोधू गेलं तर हाताला फारसं लागत नाही. शेतावर बिअर होत नसे असं नव्हे. होतच असे. पण शेतावरची ती सगळी सेझों आणि सेझों म्हणजे शेतावरची, हे समीकरण बरंच नंतरचं आहे.

ते रूढ व्हायला इंग्रजी लेखकांचा हातभार लागला. मायकेल जॅक्सन (गाणारा नव्हे, बिअरवर लिहिणारा इंग्रज) यांच्या १९७७च्या ‘द वर्ल्ड गाइड टू बिअर’ने जगातल्या बिअरना शैलींचे कप्पे करून दिले. १९९१च्या बेल्जियमवरच्या पुस्तकात त्यांनी सेझोंला मानाने बसवलं. पुढे २००४मध्ये अमेरिकन ब्रूअर फिल मार्कोव्स्की यांचं ‘फार्महाउस एल्स’ आलं आणि ‘शेतघर’ हा शब्द शैलीला कायमचा चिकटला. गंमत अशी, की त्याच पुस्तकात सेझोंच्या इतिहासावर लिहिणारे ब्रसेल्सचे इवान द बाट्स यांची सेझों आजच्या सेझोंसारखी नाहीच. त्यांच्या मते जुनी सेझों हलकी, कमी मद्याची, आणि एकतर आंबूस नाहीतर भरपूर कडू असायची. हा दाखला ज्यांनी वाचला त्यांतल्या बहुतेकांनी पुढे साडेसहा टक्क्यांची गोडसर बिअर करून तिला सेझों म्हटलं, ती गोष्ट निराळी.

आता पेल्याकडे. माझी भाची ब्रसेल्सला राहते. तिच्या स्वयंपाकघरात आम्ही पाच सेझों लेबल झाकून चाखायचं ठरवलं. बाटल्यांना मोजे घातले, पेल्यांना आकडे दिले, मला खोलीबाहेर काढलं. मी टिपणं करणार, ती ओतणार.

एका पेल्यात फिकट सोनेरी, जरा धूसर बिअर, वर अर्ध्या पेल्याइतका फेस. मिरी, लिंबाची साल, मग स्वच्छ कडवटपणा आणि शेवटी काहीच नाही. हे ‘काहीच नाही’ मराठीत सांगणं अवघड आहे. इंग्रजीत ‘ड्राय’ म्हणतात. पण ‘कोरडी बिअर’ म्हटलं की आपल्याला हसू येतं. पातळ ताक प्यायल्यावर तोंड जसं धुतल्यासारखं होतं आणि जिभेवर गोडाचा कण उरत नाही, तसं. (आयुर्वेदाचे सहा रस मदतीला घ्यावे तर तिथे आणखी घोटाळा. त्यांचा ‘कटु’ म्हणजे आपलं तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे आपलं कडू. बाटलीवरचं वर्णन संस्कृतात लिहिलं असतं तर मराठी गिऱ्हाईक फसलंच असतं.) दुसऱ्या पेल्यातली याच घराण्यातली, पण अधिक गढूळ, धान्याची आणि मातीची चव असलेली, किंचित आंबट. तिसरी तांबूस, जळक्या साखरेच्या वळणाची, सरळसरळ गोड. चौथीत संत्र्याची साल, मिरी, आलं. सर्दीवरच्या काढ्याची आठवण येईल इतका मसाला. पाचवी जड, पिकल्या फळाची, मागे जुन्या लाकडाचा वास.

मोजे काढल्यावर क्रम असा निघाला : तूर्प गावच्या द्युपोंची सेझों, ब्लोजीची सेझों देपोत्र, सिलीची सेझों, पिपेची सेझों आणि आर्देनमधल्या स्वा गावची आठ टक्क्यांची फाँतोम. पहिल्या दोन एका कुळातल्या वाटतात. उरलेल्या तिघींचा त्यांच्याशी आणि आपापसांत नावापलीकडे संबंध मला तरी लागला नाही. एकाच शैलीची पाच उदाहरणं म्हणून कोणी त्या पुढे ठेवल्या, तर ती शैली म्हणजे नेमकं काय, हे सांगता येणार नाही. फाँतोमचं तर असं, की आम्ही तिची दुसरी बाटली उघडली तर ती पहिलीसारखीही नव्हती. तिच्या चाहत्यांना हे आवडतं. मला तो गुण वाटत नाही, निष्काळजीपणाला दिलेलं काव्यात्म नाव वाटतं.

पण खरी गोष्ट सहाव्या पेल्याची. मला न सांगता भाचीने एक पेला वाढवला होता. त्यावर माझ्या हातचं टिपण असं : ‘गवताची गंजी, गोठ्याची ऊब, अस्सल. शेत असेल तर ते इथे.’ अस्सलपणाचे सगळ्यात जास्त गुण मी त्याला दिले होते. तिने मोजा काढला. पुन्हा द्युपोंच. तीच सेझों, फरक एवढाच, की ही बाटली दुकानाच्या उजेडातल्या फळीवर कितीतरी आठवडे उभी होती आणि पहिली बंद खोक्यातून आलेली होती. “मामा, तुमचं शेत ट्यूबलाइटखाली पिकलंय,” ती म्हणाली.

कारण साधं आहे. हॉपमधून येणारे कडू घटक प्रकाशात तुटतात आणि त्यातून गंधकाचा अंश असलेलं एक उग्र वासाचं द्रव्य तयार होतं. ते अगदी कणभर असलं तरी नाकाला कळतं. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारसा अडवत नाही. आणि द्युपोंची बुचाची बाटली हिरवी. ब्रूअरच्या भाषेत याला दोष म्हणतात. दहा वर्षं मी ज्याला गाव समजत होतो, त्यातला निदान काही भाग हा दोष होता. बाटलीवरची कथा मी आधी वाचली होती आणि माझ्या नाकाने तिला पुरावा शोधून दिला. समीक्षकाला यापेक्षा लाजिरवाणं काय असणार?

मग द्युपोंच्या पेल्यात जे खरोखर आहे ते कुठून येतं? बरंचसं यीस्टमधून. साधं यीस्ट माल्टमधली सोपी साखर खातं आणि लांबलचक साखळ्यांच्या शर्करा तशाच सोडतं. त्यामुळे बिअरला थोडा गोडवा, थोडा भरीवपणा उरतो. सेझोंचं यीस्ट ‘डायास्टॅटिकस’ जातीचं. ते एक विकर बाहेर सोडून त्या साखळ्याही तोडतं आणि संपवतं. म्हणून तो धुतल्यासारखा शेवट. मिरी-लवंगेसारखा वासही त्याचाच, पेल्यात मिरी नसते. शिवाय द्युपोंमध्ये ते तीस अंशांच्या वर आंबवतात. बहुतेक यीस्टकडून इतक्या उष्णतेत धड काही होत नाही. तांब्याच्या कढईखाली थेट आच, कठीण पाणी, मग बाटल्या आडव्या ठेवून उबदार खोलीत काही आठवडे दुसऱ्यांदा आंबवणं, हे सगळं त्या एका जागेचं आहे. शेताचं म्हणा हवं तर, पण त्या एका शेताचं.

त्या शेताची कथा मला मजुरांच्या कथेहून खरी वाटते. १९२० साली आल्फ्रेड द्युपों यांनी हे शेत आणि त्यावरची बिअरभट्टी विकत घेतली ती मुलासाठी. मुलगा लुई कॅनडात जाऊन शेती करायची म्हणत होता. त्याला घराजवळ अडकवून ठेवायला बापाने हा उद्योग केला. घराणं आजही तोच कारखाना चालवतं. १९८०च्या दशकात सेझोंचा खप इतका घसरला होता की ती बंद पडायच्या बेतात होती. तिला वाचवलं अमेरिकन आयातदारांनी आणि तिथल्या पिणाऱ्यांनी. मग तिथल्या शेकडो छोट्या कारखान्यांनी तिची नक्कल केली आणि स्पर्धांच्या नियमावल्यांत सेझोंची लक्षणं लिहिली गेली ती मुख्यतः तिच्यावरूनच. म्हणजे आधी प्रकार आणि मग त्याचा उत्तम नमुना, असं झालं नाही. एक कृती होती, तिच्यावरून प्रकार रचला गेला आणि मग त्या प्रकाराला एक भूतकाळ मिळाला. वाङ्मयप्रकारांच्या इतिहासात हे आपण पाहिलेलं आहे.

उरलेल्यांचीही गोष्ट बोलकी आहे. पिपे हे तूर्पच्या शेजारचंच गाव. तिथला वाफेच्या यंत्रावर चालणारा जुना कारखाना १९८०च्या दशकात ज्याँ-लुई दित्स यांनी घेतला आणि चालता ठेवला. ते शिक्षक. ब्लोजीचा कारखाना १९८८मध्ये पिएर-आलेक्स कार्लिए आणि मारी-नोएल पुर्त्वा या दांपत्याने काढला, तेही शिक्षक. त्यांच्या सेझों देपोत्रमध्ये स्पेल्ट आहे. आपल्या खपलीसारखंच याचंही टरफल मळणीत सहज सुटत नाही. लाकाँब्रच्या लिएजशी असलेला हा धागा मला पाचांत सगळ्यात प्रामाणिक वाटला आणि चवीतही मी तिला द्युपोंच्या मागे नव्हे, बरोबरीने बसवीन. तर शेतकऱ्याच्या बिअरचं पुनरुज्जीवन मास्तरांनी केलं. आपल्याकडे ग्रामीण कथा लिहिणाऱ्यांत मास्तर किती होते, हे दिवाळी अंकाच्या वाचकाला सांगायला नको.

आणि ब्लोजी ज्या दूर नावाच्या गावात मोडतं (नाव खरंच ‘दूर’ आहे, पण ब्रसेल्सहून गाडीने फार नाही) तो बोरिनाजचा पट्टा, कोळशाच्या खाणींचा. १८७८ ते १८८०मध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉग याच खाणकामगारांत धर्मोपदेशक म्हणून राहत होता. पूर्वेकडे केनास्तला १८७६पासूनचा लेफेव्रचा कारखाना आहे; त्याची गिऱ्हाइकं तिथल्या दगडखाणीतले कामगार. त्यांनीही ‘सेझों १९००’ नावाची बिअर केली. म्हणजे वालोनियातली कष्टकऱ्याची तहान नांगराइतकीच पहारीची आणि फावड्याचीही होती. फक्त खाणीची धूळ लेबलावर चांगली दिसत नाही, गव्हाची लोंबी दिसते.

एक साधा हिशेबही कोणी करत नाही. साडेसहा टक्क्यांची बिअर दिवसभर पीत उन्हात विळा चालवता येईल का? चालवून पाहावा. आजची ताकद बऱ्याच अंशी नंतरची आहे. १९१९च्या व्हांडरव्हेल्ड कायद्याने बेल्जियमच्या कॅफेंत कडक दारू विकायला बंदी केली, आणि तिथल्या बिअर पुढे जड होत गेल्या त्याचं एक कारण हे मानलं जातं. द्युपोंचीच बिओलेजेर नावाची साडेतीन टक्क्यांची सेंद्रिय बिअर आहे. मजुराच्या घागरीत जे असेल त्याच्या जवळ जाणारं माझ्या माहितीत हेच. तिच्या नावात सेझों नाही.

भाचीच्या घरातल्या त्या संध्याकाळनंतर दोन दिवसांनी मी तूर्पला गेलो. कारखान्यासमोर कॅफे आहे. दुपारची वेळ होती, आसपास बीटाची काढणी चाललेली, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल. मी सेझों मागवली आणि ती आतून, अंधारातून आणा, असंही सांगितलं. बाई हसल्या. शेजारच्या टेबलावर चिखलाचे बूट घातलेले दोघे बसले होते, खरोखरचे शेतातून आलेले. ते काय पितात म्हणून मी पेल्यांकडे पाहिलं. दोघांपुढेही द्युपोंचीच होती, पण सेझों नव्हे. साधी पिल्स, आणि एकाने ती अर्धी ठेवून कॉफी मागवली.