आरशापुढे अडलेला कॅमेरा

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या बाजारात, शंभर-शंभर रुपयांच्या कपड्यांच्या ढिगांमधून वाट काढत गेलं की आतल्या गल्लीत एक अल्टरवाला शिवणयंत्र मांडून बसलेला असतो. मागच्या हिवाळ्यात एका मित्राबरोबर मी त्याच्यासमोर तासभर उभी होते. हा मित्र आठवडाभर ऑफिसात असतो आणि महिन्यातले एक-दोन शनिवार ड्रॅग, म्हणजे स्त्रीवेषातला प्रयोग, करतो. एक्स्पोर्टमधून उरलेला टिकल्यांचा गाऊन त्याने ढिगातून उचलला होता आणि तिथेच जीन्सवर चढवला होता. खांद्यात तो आवळत होता आणि कमरेत लोंबत होता. ओठांत धरलेल्या टाचण्या न काढताच अल्टरवाल्याने विचारलं, ‘‘अंदर कुछ भरोगे?’’ भरणार होता. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच फोम. अल्टरवाल्याने खडूची रेघ ओढली आणि काखेत जोड द्यायला त्याच रंगाचा तुकडा शोधू लागला. त्याने आणखी काही विचारलं नाही.

गेली वीस वर्षं लोदी रोडच्या सभागृहांमध्ये आणि महोत्सवांमध्ये मी पारलिंगी आयुष्यांवरचे, स्त्रीवेष करणाऱ्या कलावंतांवरचे माहितीपट पाहत आले आहे. त्यांत असला तास क्वचितच दिसला. आरसा मात्र इतक्यांदा दिसला की पुढची प्रत्येक हालचाल पाठ झाली आहे. आधी दिव्यांच्या माळेतला चेहरा, मग फाउंडेशन, पापण्या, टोप, शेवटी वळून कॅमेऱ्याकडे टाकलेली नजर. दिग्दर्शक बदलतात, देश बदलतात, पण कॅमेरा येऊन थांबतो तो त्याच आरशापुढे. माझी तक्रार आरशाबद्दल नाही. त्या दृश्यातून एकच गोष्ट सांगितली जाते, ती म्हणजे एक माणूस दुसरं कुणीतरी झाला. या कलेला लागणारं कापड, उधारी, सराव, भाड्याची खोली आणि म्हातारपण हे सगळं चौकटीबाहेर राहतं.

आपल्याकडे तरी असं व्हायला नको होतं. स्त्रीवेषाचा मराठी रंगभूमीइतका मोठा, इतका चोख हिशेब असलेला इतिहास फार थोड्यांकडे असेल. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले आणि 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. पुढे शालू, अत्तरं आणि पडदे यांच्या हौसेने मंडळीवर कर्ज चढत गेलं. बालगंधर्वांची साडी नेसण्याची ढब घरंदाज बायकांनी उचलली, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. ती साडी कुणी निवडली, कुणी जपली आणि तिचे पैसे कुणी फेडले, हे सांगत नाही. चित्रपटाने त्यांना गाठलं तेव्हा उशीर झाला होता. प्रभातच्या 1935 च्या ‘धर्मात्मा’त ते संत एकनाथ झाले. 1937 मध्ये बाबूराव पेंटरांच्या ‘साध्वी मीराबाई’त त्यांनी पडद्यावर स्त्रीवेष केला, तेव्हा ते पन्नाशीला आले होते.

भारतीय पडद्यावरची पहिली तारामतीसुद्धा पुरुषच होती. अण्णा साळुंके हे ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातले आचारी. फाळक्यांनी 1913 मध्ये त्यांना ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये उभं केलं आणि 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही त्यांच्याकडूनच करवून घेतले. 1913 मध्येच ‘मोहिनी भस्मासुर’मधून दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले पडद्यावर आल्या. या कमलाबाईंवर रीना मोहन यांनी 1990 च्या आसपास केलेला 46 मिनिटांचा ‘कमलाबाई’ हा या साऱ्या इतिहासातला मला सगळ्यांत जवळचा माहितीपट. नव्वदीला टेकलेल्या, एकट्या राहणाऱ्या या बाईने रंगमंचावर पुरुषांच्या भूमिकाही केल्या होत्या. ती दिग्दर्शिकेलाच सूचना देते, मध्येच जुन्या भूमिकेत शिरते आणि दमली की थांबते. कॅमेराही तिच्याबरोबर थांबतो. नट म्हणजे आवाज, स्मरणशक्ती आणि श्वास यांचं काम, हे तिथे मेकअपच्या एका डब्याशिवाय कळतं.

पण मराठी प्रेक्षकाच्या मनात या विषयाची प्रतिमा घडवली ती कथापटांनी, आणि त्यातही एका दिग्दर्शकाने. रवी जाधव यांचा ‘नटरंग’ 2010 चा, ‘बालगंधर्व’ 2011 चा आणि गौरी सावंत यांच्या आयुष्यावरची ‘ताली’ ही मालिका 2023 ची. तेरा वर्षांत नाच्या, स्त्रीपार्टी नट आणि पारलिंगी कार्यकर्ती अशा तिघांकडे एकच दिग्दर्शक वळला, याचं मोल मला वाटतं. तरीही या कृती एकमेकींशी बोलत नाहीत. ‘नटरंग’मधला गुणा पैलवानी अंगाचा, बायकापोरांचा पुरुष आहे, हे आपल्याला पुन्हा पुन्हा पटवलं जातं. ‘बालगंधर्व’मध्येही ते संसारी गृहस्थ होते याची काळजीपूर्वक नोंद आहे. सांगायचं असतं ते एकच : नेसणं ही कला होती, स्वभाव नव्हता. मग तृतीयपंथीयांची गोष्ट वेगळ्या दालनात, ‘सामाजिक प्रश्न’ या पाटीखाली मांडली जाते. या वाटणीची झळ माणसांनाच लागली. गणपत पाटलांनी पडद्यावर नाच्या इतका हुबेहूब उभा केला की प्रत्यक्ष आयुष्यातही लोक त्यांना त्याच नजरेने पाहू लागले, आणि ती कुचेष्टा त्यांच्या घरापर्यंत पोचली. कलेचा पुरुष आणि स्वभावाची बाई अशी सरळ रेघ प्रेक्षकाने कधीच पाळली नाही. माहितीपटाने ती रेघ पुसट आहे तशीच दाखवावी, एवढंच माझं मागणं आहे.

ते जमतं, याचा दाखला कोलकात्यात आहे. नवीन किशोर यांनी 1999 मध्ये चपल भादुरी या जात्रेतल्या, म्हणजे बंगाली लोकनाट्यातल्या, एकेकाळच्या ‘नायिके’वर माहितीपट केला. यातही रंग लावणं आहे. चपलबाबू शीतलादेवी होण्यासाठी तोंड रंगवतात आणि रंगवतानाच बोलत राहतात. जात्रेत बायका आल्यावर काम कसं सुटलं आणि एका पुरुषावर किती वर्षं प्रेम केलं, ते सांगत जातात. चेहऱ्यावर रंग चढत जातो आणि माणूस मात्र उघडा होत जातो. तिथे आरशाला काम आहे. आपल्या दशावतारात आजही पुरुष स्त्रीपार्ट करतात. एका जत्रेतून रात्रीचा खेळ संपवून दुसऱ्या गावच्या जत्रेकडे निघालेला एखादा कलावंत वाटेत असाच बोलेल, पण त्याच्याशेजारी बसायला तेवढा वेळ काढणारा कुणीतरी हवा.

मुंबईतल्या टाटा समाजविज्ञान संस्थेत तेव्हा शिकवणाऱ्या अंजली माँतेरो आणि के. पी. जयशंकर यांचा 2007 चा ‘अवर फॅमिली’ मी विद्यार्थ्यांना दरवर्षी दाखवते. तामिळनाडूतल्या तीन पिढ्यांच्या पारलिंगी स्त्रिया दत्तकाच्या नात्याने एका घरच्या झालेल्या आहेत. त्यांचं रोजचं जगणं एकीकडे आणि प्रीतम चक्रवर्तींचा ‘निर्वाणम’ हा एकपात्री प्रयोग दुसरीकडे, असा तो विणलेला आहे. दुःख सगळं प्रयोगात येतं. घरात दिसतात त्या गप्पा, एकमेकींची चेष्टा, नात्यातले मान-अपमान. रडताना कुणाचा जवळून चेहरा घ्यायची गरजच या दिग्दर्शकांना पडली नाही. नवे दिग्दर्शक या माहितीपटातून ही एक युक्ती शिकले तरी पुष्कळ झालं.

तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 15 एप्रिल 2014 च्या निकालानंतर माहितीपटांची संख्या वाढली, पण गोष्ट बदलली नाही. आरशाच्या जागी प्रमाणपत्र आलं. पहिली वकील, पहिली अधिकारी, पहिली विद्यार्थिनी अशा ‘पहिल्या’च्या गोष्टी होऊ लागल्या. त्या माणसांची झुंज खरी आहे आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण दुसरी, पाचवी, विसावी कुठे राहते, काय खाते? काश्मीरमध्ये लग्नं जुळवणाऱ्या आणि लग्नांत गाणाऱ्या पारलिंगी व्यक्तींना 2022 च्या ‘ट्रान्स काश्मीर’ने त्यांच्या धंद्यासकट पाहिलं. भोजपुरी लोकनाटककार भिखारी ठाकूरांच्या नाचमंडळीत स्त्रीवेषात नाचलेल्या म्हाताऱ्या लौंड्यांना, त्यात पुढे पद्मश्री मिळालेले रामचंद्र मांझीही आले, जैनेंद्र दोस्त आणि शिल्पी गुलाटी यांनी ‘नाच भिखारी नाच’मध्ये नीट ऐकून घेतलं. दोन्ही ठिकाणी कॅमेऱ्याने आधी काम पाहिलं आणि मग माणूस.

पैशाचाही प्रश्न आहे. जगभर ज्याची पारायणं होतात तो ‘पॅरिस इज बर्निंग’ 1990 चा. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोकांच्या ‘बॉल’ या ड्रॅग-स्पर्धांच्या विश्वावर जेनी लिव्हिंग्स्टन यांनी तो केला. तो यशस्वी झाल्यावर त्यातल्या माणसांनी आपला वाटा मागितला, तेव्हा तेरा जणांमध्ये सुमारे 55,000 डॉलर वाटण्यात आले. हा आकडा पुरेसा होता की नाही यावर वाद होऊ शकतो, पण मागणी तरी झाली, हिशेब तरी झाला. आपल्याकडच्या महोत्सवांमध्ये प्रश्नोत्तरांच्या वेळी मंचावर दिग्दर्शक असतो आणि ज्याचं आयुष्य पडद्यावर असतं ते माणूस बहुधा गावी असतं. त्याच्या वस्तीत तो माहितीपट दाखवला का, हे मी आता दर वेळी विचारते. सभागृहात थोडी अस्वस्थता पसरते. पसरू दे.

वस्ती म्हटली की मला माझी आठवते. मी वाढले ती सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. धाकटा भाऊ झाला तेव्हा बाराव्या दिवशी तृतीयपंथीयांची टोली आली. ढोलकीवाला, तिघीजणी आणि त्यांची वयस्क गुरू. आईने साडी, नारळ आणि सूपभर गहू दिले. गुरूने बाळाला मांडीवर घेतलं आणि आईला म्हणाली, ‘‘मराठन, पिछली बार ऊपरवाली के घर लड़की हुई थी, अब कितने की हो गई?’’ वरच्या मजल्यावरच्या पंजाबी काकूंची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. कुठल्या ब्लॉकमध्ये कुणाकडे पाळणा हलला, कोण बदली होऊन गेलं, कुणाकडे लग्न आहे, या सगळ्याचा नकाशा त्या बाईच्या डोक्यात होता, आणि त्यावरच तिच्या डेऱ्याची चूल पेटत होती.

2016 मध्ये सरकारने दक्षिण दिल्लीतल्या सात वसाहती पाडून नव्याने बांधायचा निर्णय घेतला, त्यात आमचीही होती. दुमजली क्वार्टर्स गेली, कडुनिंब तोडले गेले, मनोरे उभे राहू लागले. आता फाटकावर पहारेकरी आहे आणि त्याच्यापाशी नोंदवही. त्या गुरूचे चेले आज याच फाटकाबाहेर उभे असतील, तर त्यांच्या इलाक्याचा नकाशा अजून कुणाला तरी तोंडपाठ असणार. एखाद्या दिग्दर्शकाने टेप चालू करून त्यांच्याबरोबर हा रस्ता चालावा, आणि जुन्या ब्लॉकच्या जागेपाशी आलं की विचारावं, इथे कोण राहायचं?