गंगारामचा गेंडा आणि आपली कपाटे

पेशव्यांच्या शिकारखान्यात एक गेंडा होता. पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबट या चित्रकाराने १७९० मध्ये त्याचे चित्र काढले. इंग्रजांचा पुणे दरबारातला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने गंगाराम काम करत असे. वेरूळ आणि कार्ल्याची लेणीही त्याने कागदावर उतरवली. पुढे मॅलेट विलायतेला गेला, त्याच्या संग्रहातली चित्रेही गेली आणि हात बदलत त्यांतली बरीच अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात पोचली. येलने २०११ मध्ये ठरवले, की ज्या कलाकृतींवर कुणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही त्यांची छायाचित्रे कुणालाही फुकट द्यायची. त्यामुळे आज कसब्यातला एखादा मुलगा मोबाइलवर गंगारामचा गेंडा उघडू शकतो, उतरवून घेऊ शकतो, हवा तर सदऱ्यावर छापू शकतो. त्याला कुणाला अर्ज करावा लागत नाही.

पुण्यातून गेलेल्या वस्तूंची ही गोष्ट. पुण्यातच राहिलेल्या वस्तूंची गोष्ट एवढी सोपी नाही.

त्यातली सर्वांत ओळखीची वस्तूंची दुनिया म्हणजे राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. अकाली गेलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. वस्तूंची संख्या वीस हजारांवर. मांडलेल्या आहेत अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे आठांतली एक वस्तू आपण पाहतो, सात आत असतात. यात संग्रहालयाचा दोष काढण्यात अर्थ नाही. शुक्रवार पेठेतल्या वाड्याला जागा वाढवून कुठून मिळणार? जगातल्या बहुतेक मोठ्या संग्रहालयांचे प्रमाण याहून वाईट आहे. पण म्हणूनच आत असलेल्या सात वस्तूंचे काय करायचे, हा प्रश्न टाळता येत नाही.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने तो प्रश्न फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्यापुरता सोडवला. एकवीस संग्रहालये आणि एक प्राणिसंग्रहालय असा तिचा पसारा. तिने सुमारे अठ्ठावीस लाख चित्रे आणि त्रिमित प्रतिकृती एकदम खुल्या केल्या, आणि छायाचित्रांवरचा आपला हक्कही सोडून दिला. खरी मेख इथे आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या समईवर स्वामित्वहक्क कुणाचाच नसतो, पण समईच्या फोटोवर असू शकतो. आपल्या कायद्यात तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. समई सर्वांची आणि फोटो मात्र संस्थेचा, या फटीत कितीतरी अर्ज, शिक्के आणि पावत्या राहतात. एका संस्थेने (नाव कशाला?) ऐंशी वर्षांपूर्वी छापून झालेल्या एका पत्राच्या फोटोसाठी माझ्याकडून तीन प्रतींत अर्ज घेतला होता. पत्र मला पाठ होते. हवे होते ते फक्त त्याचे अक्षर.

आपल्याकडे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या दहा संग्रहालयांच्या वस्तू एका ठिकाणी पाहता येतील अशी व्यवस्था उभी राहिली, आणि तिच्यामागची ‘जतन’ ही प्रणाली पुण्याच्या सी-डॅकने घडवली. दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचे इंडियन म्युझियम, हैदराबादचे सालारजंग, गोव्याचे पुरातत्त्व संग्रहालय अशी ती यादी. यंत्र पुण्यात घडले, त्या दहांत पुण्याचे संग्रहालय एकही नाही. याला कारण साधे: दहाही केंद्राची, केळकर राज्याचे. तरी चुटपुट लागतेच.

माझी हरकत मात्र वेगळी आहे. अशा नोंदींत वस्तूचा क्रमांक, धातू, माप, काळ हे सगळे असते आणि तिचे नाव नसते. नाव म्हणजे इंग्रजीतले जातिवाचक नाम नव्हे. ‘दिवा, पितळ, अठरावे शतक’ एवढ्यावर लामणदिवा, समई आणि निरांजन एकाच रांगेत जाऊन बसतात. वज्री, करंडा, फणेरपेटी, पानपुडा हे शब्द टाकून शोधले आणि काहीच सापडले नाही, तर वस्तू खुली झाली असे मी तरी म्हणणार नाही. स्मिथसोनियनच्याही अनेक नोंदी दोन ओळींच्या आहेत, तेव्हा हा आजार केवळ आपला नव्हे. पण आपल्याकडे तो जास्त लागतो, कारण या वस्तूंची नावे अजून जिवंत माणसांच्या तोंडी आहेत, आणि ती माणसे फार दिवस राहणार नाहीत.

खुलेपणाची कल्पना पुण्याला परकी आहे, असा एक समज दिसतो. तो खोटा आहे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे बावीसपर्यंत नेले, ते दुसरे काय होते? घराघरांतल्या दप्तरांत कोंडलेली पत्रे जशीच्या तशी लोकांपुढे ठेवायची, निष्कर्ष ज्याचे त्याने काढावेत. (राजवाड्यांनी स्वतःचे निष्कर्षही भरपूर काढले, ती गोष्ट निराळी.) १९१० मध्ये त्यांनी स्थापलेले भारत इतिहास संशोधक मंडळ याच हट्टातून उभे राहिले. त्याच वेळी पेशवे दप्तर मात्र सरकारी कुलुपात होते आणि मंडळाच्या अभ्यासकांना तिथे मोकळा प्रवेश नव्हता. अखेर गो. स. सरदेसायांच्या हाती ते काम आले आणि १९३० पासून चारेक वर्षांत निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले. कामाचा वेग थक्क करणारा आहे. पण ‘निवडक’ हा शब्द विसरू नये. सरदेसायांना जे राजकारणाच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटले ते छापले गेले. कुणा कुळंबिणीची, कुणा गवंड्याच्या मजुरीची नोंद त्यांनी मागे ठेवली असेल, तर तो त्या काळाचा कल होता. आज नेमके तेच कागद हवे आहेत. ते मोडीत आहेत आणि मोडी शाळांतून जाऊन सत्तर वर्षे होत आली.

स्मिथसोनियनने २०१३ मध्ये हस्तलिखिते लोकांकडून वाचून घ्यायला सुरुवात केली. कुणी घरी बसून एक पान उतरवतो, दुसरा तपासतो, मग संस्थेचा माणूस पाहतो. पुण्यात मोडीचे वर्ग भरतात, निवृत्त मंडळी उत्साहाने शिकतात आणि शिकून झाल्यावर वाचायला काही मिळत नाही म्हणून विसरतात. एकीकडे न वाचलेले रुमाल, दुसरीकडे रिकामे वाचक. मध्ये फक्त फोटो हवेत.

संस्थांच्या मनात भीती असते, ती खोटी नाही. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. त्यानंतर पुण्यातला कुठला ग्रंथपाल कपाट उघडताना दोनदा विचार करत असेल, तर त्याला दोष देववत नाही. पण त्या दिवसाचा दुसरा अर्थही निघतो. ज्या पोथीचे चित्र दहा ठिकाणी आहे ती एका जमावाला संपवता येत नाही. आणि भांडारकरचे सर्वांत मोठे काम, १९१९ ते १९६६ असे चाललेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, केवळ स्वतःच्या पोथ्यांवर झालेले नाही. काश्मिरी शारदेपासून मलयाळमपर्यंत अनेक लिप्यांतल्या पोथ्या इतरांनी उपलब्ध करून दिल्या. शांतिनिकेतन आणि तंजावर येथे पाठ ताडून पाहण्याची केंद्रे चालली. दुसऱ्यांनी कपाटे उघडली म्हणून पुण्याचे नाव झाले. हा हिशेब पुण्याने कधीतरी मांडायला हवा.

गेल्या उन्हाळ्यात केळकर संग्रहालयात होतो. वज्रीपाशी एक आजी नातीला सांगत होत्या, ही पाय घासायची, आमच्याकडे पितळी मोराची होती, न्हाणीघरात दगडाशेजारी ठेवलेली असायची, आणि सासूबाईंची वापरायची नाही असा दंडक होता. नात फोटो काढत होती. मी ते वहीत लिहून घेतले, मोरासकट.