भुकेल्या देहापासून राजाच्या देहापर्यंत

बंगालच्या आधुनिक चित्रकलेत माणसाचा देह विद्रूप झाला तो १९४३च्या दुष्काळात. बंगाल शैलीच्या धूसर, लवचिक आकृत्या कलकत्त्याच्या फुटपाथवर मरणाऱ्या माणसांपुढे निरुपयोगी ठरल्या. युद्धकाळातली भाववाढ, तांदळाची साठेबाजी आणि सरकारची बेपर्वाई यांनी वीस ते तीस लाख बळी घेतले. चित्रकार चित्तप्रसाद मेदिनीपूरच्या खेड्यांतून हिंडले. फासळ्या, गुडघ्यांच्या वाट्या, खोल गेलेले डोळे काळ्या शाईने टिपत राहिले. त्यांची ‘हंग्री बंगाल’ ही पुस्तिका ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केली. झैनुल आबेदिन यांच्या रेखाटनांत मरणारी माणसे आणि कावळे शेजारी शेजारी दिसतात. ही विरूपता चित्रकाराने कल्पनेतून आणलेली नव्हती, ती रस्त्यावरच पडली होती.

सत्तरच्या दशकात मात्र ती कल्पनेतून आणावी लागली, आणि तिथेच या परंपरेचा कस लागला. नक्षलवादी चळवळ, गल्लीबोळांतले खून, पोलिसी चकमकी, पूर्व बंगालमधून आलेले निर्वासितांचे लोंढे: शहर भेदरलेले होते. हावड्याचे रवीन मंडल राजे रंगवू लागले. जाड रेषांचे, ओबडधोबड, आदिम मूर्तींसारखे हे राजे क्रूर आहेत आणि घाबरलेलेही. त्यांची प्रजा चित्रात दिसत नाही, पण तिची भीती राजाच्या चेहऱ्यावर आहे. फाळणीने फरीदपूर सोडावे लागलेल्या जोगेन चौधुरी यांनी शाईच्या आडव्यातिडव्या रेषांच्या जाळीतून आढीत फार पिकलेल्या फळासारखी सैल, सुरकुतलेली कातडी उभी केली. भुकेने वाळलेल्या देहाची जागा आता सुखाने सडलेल्या देहाने घेतली. विकास भट्टाचार्य यांनी देह मुळीच वेडावाकडा केला नाही. त्यांनी उजाड जागी टाकलेली बाहुली इतकी हुबेहूब रंगवली, की ती कुणाचे तरी प्रेत वाटावी.

या सगळ्यांत मला सर्वांत मोठे वाटतात सोमनाथ होर. दुष्काळ आणि बटाईदार शेतकऱ्यांचे तेभागा आंदोलन त्यांनी तरुणपणी पाहिले होते. सत्तरच्या दशकातल्या ‘जखमा’ या मालिकेत त्यांनी आकृतीच काढून टाकली. मातीच्या सपाट थरावर सुरीने चिरायचे, टोचायचे, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यात कागदाचा लगदा दाबायचा. हाती येतो तो जवळजवळ पांढराच कागद, सोललेला, फाटलेला. शाई नाही, चेहरा नाही. तरी हा कागद म्हणजे कुणाची तरी कातडी आहे, हे बघताक्षणी कळते. आक्रोशाची एकही खूण न वापरता त्यांनी हिंसा दाखवली.

आज सुजलेले अवयव आणि विचकलेले दात गॅलऱ्यांमध्ये सहज भेटतात. त्यांतली बरीच चित्रे मला पोकळ वाटतात, कारण देह कोणी बिघडवला हे ती सांगत नाहीत. त्यांनी मंडल यांच्या राजाचा मुकुट उचलला, त्याची भीती मागे राहिली. दिवाणखान्यात निवांत खपणारी विरूपता ही नुसती सजावट आहे.

चित्तप्रसाद यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे मुंबईत, अंधेरीत काढली. सजावट आणि खरी विरूपता यांतला फरक दिसावा म्हणून त्यांची रेखाटने, मंडल यांचे राजे आणि होर यांच्या जखमा एकाच दालनात दाखवणारे प्रदर्शन मुंबईतल्या संग्रहालयांनी भरवावे, आणि ते कलाशाळांच्या विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य खुले ठेवावे.