चार टक्क्यांत न मावणारी बेरी

अलास्कातल्या ग्रामीण लोकांच्या रानातल्या अन्नावर काहीही वाचायला घ्या, एक आकडा तुम्हाला हमखास भेटेल: माणशी वर्षाला २९५ पौंड, म्हणजे साधारण १३४ किलो. राज्याच्या मासे व शिकार खात्यात 'सबसिस्टन्स' विभाग आहे, त्याचा हा २०१२ सालचा अंदाज. सबसिस्टन्स म्हणजे विकायला नाही, तर घरात खायला आणि वाटायला निसर्गातून आणलेलं. आकड्याखाली वाटणी असते. मासे ५३ टक्के, जमिनीवरचे प्राणी २३, सील-व्हेलसारखे सागरी प्राणी १४, असं करत रानातल्या वनस्पती ४ टक्के. माझं भांडण या चाराशी आहे.

आकडा खोटा नाही, हे आधीच सांगते. घरोघर जाऊन विचारतात, गेल्या वर्षभरात काय काय आणलंत? बेरी लोक बादलीने किंवा गॅलनने सांगतात, मग गॅलनचे पौंड करतात. एक गॅलन म्हणजे साधारण ४ पौंड. पद्धत सरळ आहे. पण वजन हे एकच माप लावलं की व्हेल आणि बेरी एकाच तराजूत बसतात, आणि तिथे बेरी हरणारच.

आता ती बेरी बघा. युकॉन आणि कुस्कोक्विम नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात, बेथेलच्या आसपासच्या युपिक गावांत, जुलैअखेर ते ऑगस्ट हे अत्सालुख्पिआकचे दिवस. इंग्रजीत क्लाउडबेरी, शास्त्रीय नाव रुबस कॅमेमोरस. कच्ची असताना लाल, पिकली की केशरी (आपल्या सवयीच्या बरोब्बर उलटं). नर आणि मादी झाडं वेगळी, आणि एका दांड्यावर एकच फळ. फुलोऱ्यात थंडी पडली किंवा कीटक फिरकले नाहीत, की ते वर्ष गेलं. म्हणजे एक गॅलन भरायला किती वेळा वाकावं लागत असेल, हिशोब करा. पौंडात ते वाकणं येत नाही.

नावांचा घोळ वेगळाच. तिथले लोक इंग्रजी बोलताना या फळाला 'सॅमनबेरी' म्हणतात, आणि दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर सॅमनबेरी म्हणजे भलतंच झुडूप. त्यांची 'ब्लॅकबेरी' म्हणजे खरं तर क्रोबेरी. स्थानिक नाव न विचारता तक्ता भरला, तर दोन वनस्पती एका ओळीत जाऊन बसतील.

बेरीच्या आधी हिरवं येतं. सावर डॉक नावाची आंबट पालेभाजी आपल्या चुक्याच्याच रुमेक्स कुळातली, शिजवून साठवतात. मार्श मॅरिगोल्डची पानं मात्र उकळल्याशिवाय खायची नाहीत, कच्ची विषारी. हे कळायला कुणीतरी सोबत नेऊन दाखवावं लागतं. ज्ञानाला वजन नसतं, त्यामुळे तेही टक्क्यांत नाही.

आणि हे सगळं जातं कुठे? बरंचसं अकुतकमध्ये. अकुतक म्हणजे 'मिसळलेलं': चरबी फेटायची, त्यात बेरी, साखर, कधी शिजवलेला मासा. आलेल्या-गेलेल्याला, सणाला, अंत्यविधीला तेच पुढे येतं. मुलीने पहिल्यांदा वेचलेल्या बेरी स्वतः न ठेवता वडीलधाऱ्यांना देऊन टाकायची रीत आहे. या देण्याचं वजन अहवालात शून्य.

शून्य? इथे मला माझंच वाक्य मागे घ्यावं लागतं. त्याच सर्वेक्षणांत आणखी रकाने असतात: किती घरांनी खाल्लं, किती घरांनी आणलं, किती घरांनी दिलं, किती घरांना मिळालं. म्हणजे संशोधकांना वाटून घेणं दिसलं होतं, त्यांनी ते मोजलंही. सारांशात मात्र पौंड तेवढे उरले, आणि पुढे उद्धृत होतो तो सारांशच. माझा आक्षेप सर्वेक्षणावर कमी, आपल्या वाचण्यावर जास्त आहे.

पौंडच का उरले, यालाही कारण आहे. १९८०च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण अलास्कन लोकांना अशा अन्नासाठी प्राधान्य दिलं. हक्क मांडायचा तर आकडा लागतो. राज्यातल्या एकूण मासे-शिकारीत या लोकांचा वाटा जेमतेम एक टक्का आणि जवळजवळ बाकी सगळा व्यावसायिक मासेमारीचा, हे ठणकावून सांगता येतं ते याच पौंडांमुळे. तेव्हा तराजू फेकून द्या असं मी म्हणणार नाही.

पण तराजू कुठे फसतो ते आत्ता दिसतंय. २०२१ साली युकॉनवर चिनूक आणि चम या दोन्ही सॅमनची घरगुती मासेमारीही बंद करावी लागली. २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडाने चिनूकची मासेमारी सात वर्षं थांबवायचा करार केला. मासे ताटातून गेले की टक्केवारीचा छेद लहान होतो. एकही जास्तीची बेरी न वेचता वनस्पतींचा वाटा वाढलेला दिसेल, आणि कुणीतरी लिहील की लोक आता वनस्पतींकडे वळले. दुसरीकडे गेलेल्या माशांची 'भरपाई किंमत' निघेल; खात्याने ती पूर्वी पौंडाला ४ ते ८ डॉलर धरली होती. अकुतकात घालायला घरचा मासा नसेल, तर त्या डॉलरांत काय विकत आणायचं, हे त्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नाही.

असा एखादा गावाचा अहवाल हातात आला, तर आधी 'दिलं' आणि 'मिळालं' हे दोन रकाने शोधा. पौंड नंतर.